ल्युपिन, थाईम आणि समोरचं फाटक

हिंगणी,
९ फेब्रुवारी

प्रिय रीता,

पत्र बघून घाबरू नकोस. मी बरा आहे. सप्टेंबरात तू तुझ्या मैत्रिणीच्या, मंजुषाच्या हाती बियांची दोन पाकिटं, एक ल्युपिनच्या फुलांचं, एक थाईमचं, पाठवलीस आणि सोबत चिठ्ठी दिलीस, की बाबा, दोन्ही अंगणात लावा आणि कोणतं चांगलं ते मला लिहून कळवा. त्याचा हा जबाब आहे. मंजुषा बिचारी सावंगीहून दोन बसगाड्या बदलून आली, तेव्हापासून त्या पाकिटांचा माझ्या जिवाला घोर. तुझ्या इंग्लंडच्या थंडीतलं बियाणं इथल्या उन्हात वाया गेलं तर तुला काय सांगू? सातवी शिकलेल्या माणसाला इंग्रजी पाकीट वाचायचं म्हणजे अक्षर अक्षर जुळवत बसावं लागतं. मी दोन दिवस जुळवत बसलो, तरी अर्धंच कळलं.

ल्युपिनचं बी तुरीच्या जातीचं दिसलं, म्हणून त्याला तुरीसारखंच वागवलं. भिजवलं, गुळाचं पाणी केलं, कृषी केंद्रातून जिवाणू खताचं पाकीट आणून त्यात घोळलं, सावलीत सुकवलं. उघड्यावर पेरलं तर कोंबड्या उकरतील, या भीतीनं बारा बिया दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या. चार उरल्या त्या न्हाणीमागच्या भिंतीशी टोचून मोकळा झालो. पिशव्यांतली रोपं टीचभर झाल्यावर मोठ्या हौसेनं वाफ्यात हलवली, आणि आठ दिवसांत बाराही माना टाकून बसली. एक उपटून पाहिलं. मुळी सरळ खाली जाणारी, आणि ती माझ्याच खुरप्यानं तुटलेली. त्या झाडाला एकदा रुजल्यावर हलवलेलं चालत नाही. पाकिटावर तसं लिहिलेलंही होतं. तेवढंच वाक्य मला लागलं नव्हतं.

भिंतीशी टोचलेल्या चारांकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती कमरेपर्यंत आली. संक्रांतीनंतर जांभळे तुरे धरले; तुरा खालून उमलत उमलत वर जातो. पान हाताच्या पंजासारखं, आणि सकाळी पंजाच्या मधोमध दवाचा एकच थेंब. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघतात. नंतर मावा पडला, निंबोळीचा अर्क मारून तो काढला. मग शेंगा धरल्या, तेव्हा नवीन काळजी. सडा-झाडलोटीला येणाऱ्या शकुबाईनं ओंजळभर तोडून ओच्यात घेतल्याच होत्या. "वालाच्या तं हायेत, एक भाजी होते," म्हणाली. ती शेंग विषारी असते हे तू चिठ्ठीत लिहिलं होतंस म्हणून वाचलो. आता प्रत्येक झाडाला लाल चिंधी बांधली आहे, तरी रोज सकाळी शेंगा मोजतो.

थाईमचं बी म्हणजे नुसती धूळ. मी ते काळ्या मातीत मेथीसारखं बोटभर खाली गाडलं. एक कोंब वर आला नाही. उरलेलं चिमूटभर बारीक रेतीत कालवलं, आपण तीळ पेरताना कालवतो तसं, आणि फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेवर, मुरमावर, वरच्या वर भुरभुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शकुबाई आली आणि रोजच्यासारखा शेणाचा सडा त्याच्यावरून फेकून मोकळी झाली! मी ओरडलो तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काऊन हो अण्णाजी, तिथं काही दिसत तं नाई. मी का तुमच्या मनातलं वावर पाहू?" मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. पण पंधरा दिवसांनी त्याच सड्याच्या पोपड्याखाली ओल धरून हिरवे ठिपके निघाले. काळ्या मातीत मेलं ते मुरमात जगलं. आता वाटेच्या मधोमध वीतवीतभराची ठिगळं झाली आहेत. फुलं नाहीत. उंची म्हणशील तर पायाच्या अंगठ्याएवढी. शकुबाई अजून विचारते, "गवताले पाणी टाकून राह्यले का?" पण त्याच्यावर पाय पडला की ओव्यासारखा, त्याहून गोड वास येतो. पाय उचलला की झाड पुन्हा होतं तसं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डोळ्यांना विचारशील तर ल्युपिन. मातीला विचारशील तरीही ल्युपिनच, कारण मेलेल्या रोपांच्या मुळांवरही नत्र धरणाऱ्या गाठी होत्या, आतून गुलाबी. पण ते होळीनंतर इथं राहणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वाटेवर लावायला थाईम. मे महिन्यात ते टिकेल की नाही ठाऊक नाही. मी हिरवी जाळी बांधली आहे, दोन वेळा पाणी देतो, आणि तरी घाबरतो.

आता दुसरी गोष्ट. गोपाल गेल्या रविवारी वर्धेहून गट्टूवाल्याला घेऊन आला. त्याच्या अंकिताचं लग्न घरच्या अंगणात, एप्रिलच्या चोवीस तारखेला, म्हणून फाटकापासून पायरीपर्यंत सिमेंटचे गट्टू लावायचे. त्या माणसानं टेप काढला आणि थाईमवर उभा राहून मापं घेऊ लागला. मी म्हटलं, इथं गट्टू लागणार नाही. गोपाल म्हणाला, "बाबा, इतक्याशा गवतासाठी पाव्हण्यांच्या पायाले खडे टोचवता का?" मी म्हटलं, टोचू दे. गट्टूवाला हसला. रीता, गोपाल मोठा झाल्यापासून मी त्याला कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. मी पायरीवर बसलो, पण शब्द मागे घेतला नाही. गट्टूवाला टेप गुंडाळून गेला.

ते दोघं गेल्यावर त्याच पायरीवर बसून राहिलो आणि समोरचं फाटक दिसत राहिलं. मागच्या वर्षी फारकतीचे कोर्टाचे कागद झाल्यावर तू आलीस, तेव्हा ऑटोवाल्याला मागच्या गल्लीत थांबायला मीच सांगितलं होतं. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, तुला गोठ्यातून घरात घेतलं. तुझ्या बॅगेला शेण लागलं, आणि तू मोरीवर बसून ती धुतलीस. आठ दिवस राहिलीस आणि गेलीसही तिकडूनच. तुझी आई असती तर तिनं मला त्याच गोठ्यात झोपायला लावलं असतं. आणि दिवाळीआधी फोनवर मी जे बोललो, "लग्नाले तू नको येजो, हळदीले पाच सवाष्णी लागतात, लोक उगाच बोलतील," ते गोपालनं सांगितलं म्हणून बोललो हे खरं आहे. पण तोंड माझं होतं. तू फक्त "बरं बाबा" म्हणालीस आणि ल्युपिन उगवलं का ते विचारलंस.

पत्र लिहिलं ते यासाठी. फोनवर माझी जीभ ऐनवेळी मागे सरते. कागदावर लिहिलेलं मागे घेता येत नाही. परवा गोपालनं पत्रिकेचा मजकूर माझ्याजवळ दिला, सेलूच्या छापखान्यात नेऊन द्या म्हणून. त्यात आत्याच्या जागी नाव नव्हतं. मी ऑटोत बसून नेला आणि छापखान्यात पेन मागून तिथं तुझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तो पोरगा म्हणाला, "आजोबा, सौ. लिहू का श्रीमती?" मी म्हटलं, नुसतं रीता लिही, आणि पुढे माझं नाव. चारशे पत्रिका छापून झाल्या, गठ्ठा माझ्या पलंगाखाली आहे. गोपालला अजून ठाऊक नाही. रविवारी तो न्यायला येईल तेव्हा आरडाओरडा होईल, मला घाम फुटेल, कदाचित मी रडेनही. पण पत्रिका त्याच वाटल्या जातील. अंकिताला फोन करून एवढंच विचारलं की हळद पहिल्यांदा कोणी लावावी. ती म्हणाली, "आबा, हे का विचारायची गोष्ट हाय? आत्यानं." एक पत्रिका सोबत घातली आहे. तिकीट काढ. ऑटो समोरच्या रस्त्यावर, पारासमोर थांबव, लोक बसलेले असतील तेव्हाच. मी फाटक उघडून उभा असेन. तू येशील तेव्हा ल्युपिन वाळून गेलेलं असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. वाटेवर थाईम असेल. ते चुकवून कडेकडेनं येऊ नकोस. त्याच्यावर पाय देत मधून ये.

तुझाच, आणि आता सगळ्या गावासमोर तुझाच,
बाबा