खोकल्याची सुई

१२ जानेवारी

पुन्हा उचकी! माझी नाही, आतली. चहाचा कप पोटावर टेकवला होता, तो थुडथुड हलायला लागला. श्रीपादला हाक मारली. तो दाढीचा फेस तसाच घेऊन आला आणि कपाकडे बघत बसला. बँकेत उशीर झाला. काय सांगितलंस विचारलं, तर म्हणाला, खरं तेच सांगितलं. मॅनेजरनं चालवून घेतलं म्हणे.

दिवसभर हसते आहे. कारण काही नाही. सातवा लागल्यापासून असंच.

१३ जानेवारी

डॉक्टर क्षमांकडे जाऊन आले. सगळं ठीक. बाळ बदमाश आहे, असं त्यांचं निदान.

मग म्हणाल्या, एक इंजेक्शन घ्यावं लागेल. डांग्या खोकल्याचं – त्या काली खांसी म्हणतात. बाळाची स्वतःची लस दीड महिन्यानंतर सुरू होते. तोवर त्याच्याकडे काही नसतं. आईनं आत्ता घेतली तर आईकडून त्याला संरक्षण मिळतं. तान्ह्या बाळाला हा खोकला झाला तर ते कधी कधी खोकतसुद्धा नाही, श्वासच थांबतो. घरात बाळाला उचलून घेणारे मोठेही घेऊ शकतात. एरवी सारख्या हसतात. हे सांगताना हसल्या नाहीत.

मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना माहीत आहे. मागच्या वेळी याच खोलीत धनुर्वाताची सुई घेतली होती. आठवड्यानं सगळं संपलं. चौथा महिना होता. सुईचा आणि त्याचा संबंध नाही, हे त्यांनी तेव्हाच समजावलं. मला पटलं. एकानंतर दुसरं घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नाही – हे तर मी दर वर्षी कथा शिकवताना वर्गात सांगते. डोक्याला पटतं. दंडाला पटत नाही.

येताना खव्याची जिलबी घेतली. दोन तिथेच. तिसरी रिक्षात. बाकीच्या घरी आणल्या, हा माझा संयम!

१४ जानेवारी

संक्रांत. जेवताना श्रीपादनं विषय काढला. आई – माझ्या सासूबाई – गुळाची पोळी वाढत होत्या.

"कायची सुई?"

त्यानं सांगितलं.

"काहून पाहिजे? आमच्या टायमाला कोणी घेतली होती?"

तूप आणायला म्हणून आत गेल्या. तूप ताटाशेजारीच होतं. मागच्या वेळेबद्दल एक शब्द नाही. कधीच नसतो. पण सुई हा शब्द निघाला की त्या उठतात.

१५ जानेवारी

आईंचं एक नवल लिहून ठेवायलाच हवं.

त्या स्वयंपाक चाखत नाहीत. देवाला दाखवल्याशिवाय जिभेवर काही ठेवायचं नाही. मीठ वासावरून कळतं म्हणतात, आणि चुकत नाही! पण माझ्यासाठी म्हणून जे घरात येतं, ते आधी त्यांच्या तोंडात. लोहाच्या गोळ्या आणल्या – पहिली त्यांनी गिळली. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, घाबरू नको, काळी होते. काय काळी होते ते विचारावं लागलं नाही. मी हसून हसून भिंतीला धरून उभी. प्रोटीनची पावडर आली, तर म्हणाल्या, "चुना चाटून राहिली असं वाटते, पण खा." कवठाची चटणी, कॅल्शियम, परवाच्या जिलब्यासुद्धा! प्रत्येकीचा एक तुकडा गायब.

मी म्हटलं, आई, असं राजांच्या जेवणाला चाखणारे ठेवायचे.

"मग? राणीच आहे ना तू सध्या."

श्रीपादला विचारलं, तुझ्या लहानपणीही असंच? तो म्हणाला, छे, माझं नाक धरायची आणि चमचा ओतायची.

१७ जानेवारी

नाही घेणार.

१८ जानेवारी

घेणार. बहुतेक.

२० जानेवारी, मंगळवार

आई एकट्याच ग्वारीघाटाला जाऊन आल्या. ई-रिक्षानं. मी येते म्हटलं तर डोळे मोठे केले. दर खेपेला नर्मदेचं पाणी बाटलीत भरून आणतात. आज बाटली कोरडी. "विसरली." – आई, आणि नर्मदेचं पाणी विसरल्या! श्रीपाद म्हणतो, वय झालं. त्यांच्यासमोर म्हणून दाखव म्हटलं. नाही म्हणाला.

२२ जानेवारी

पिठाचा डबा खाली काढायला आईंनी श्रीपादला बोलावलं. एरवी त्याला स्वयंपाकघरात उभं राहू देत नाहीत. डावा खांदा धरला म्हणतात. थंडी आहे खरी. घरभर बामचा वास.

थर्मामीटर हरवला होता. आईंच्या उशाखाली सापडला. मी विचारलं तर म्हणाल्या, तिथे काहून गेला बाप्पा! जसा काही तो चालत गेला.

बाळानं आज माझी लिहायची वही लाथेनं पाडली. शपथ!

२३ जानेवारी

फोनवर एक व्हिडिओ पाहिला. महिन्याचं बाळ. खोकल्याची उबळ, मग श्वास आत ओढतानाचा तो आवाज, मग काही क्षण काहीच नाही. अर्ध्यात बंद केला. आवाज बंद झाला नाही. भांडी घासताना ऐकू आला, गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकू आला.

घेणार.

आईंना न सांगता घेता येईल. श्रीपाद तेच म्हणतो. पण मग आठवडाभर मी एकटी माझ्या दंडाकडे बघत बसणार. तसं नको. त्यांनी हो म्हणायला हवं. मला त्यांची परवानगी नको आहे, सोबत हवी आहे.

२५ जानेवारी

डोहाळजेवण! नर्मदा जयंती, म्हणून आईंनी हाच दिवस धरला होता. हिरवी साडी, शेवंतीचे दागिने. शेवंतीनं मला शिंका येतात हे आज कळलं. झोपाळ्यावर बसून पंधरा शिंका. आमच्या विजय नगरातल्या सगळ्या मराठी बायका माझ्यापासून हातभर लांब.

विनताआत्या, म्हणजे आईंची नणंद, त्यांच्याकडे सगळा ताबा. ओटी भरली आणि म्हणाल्या, "हं, सांग पोरी, काय डोहाळे? आज मागशील ते द्यावंच लागते. नाही दिलं तर लेकराची लाळ गळते."

सगळ्यांना वाटलं मी जानेवारीत आमरस मागणार.

मी म्हटलं, सुई. डांग्या खोकल्याची.

मग आत्या: "अगं बाई! लोक आंबट मागतात, ही सुई मागून राहिली!" हशा. शेजारच्या मिश्रा आंटींना कोणीतरी हिंदीतून समजावलं, मग त्या वेगळ्या हसल्या. मीही हसत होते. पण बघत होते आईंकडे. त्या हळदी-कुंकवाची कोयरी सरळ करत होत्या. ती सरळच होती.

मी म्हटलं, "सुई डॉक्टर देतील, आई. तुम्ही फक्त हो म्हणा. एवढाच डोहाळा."

आईंनी वर पाहिलं. "मंगळवारी सांगते."

"मंगळवारी काहून?" आत्या म्हणाल्या. "सुईलाही मुहूर्त लागते का, वहिनी?"

"मंगळवारी म्हटलं ना."

मग झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. मी डावीकडची उघडली. बर्फी! मुलगी! टाळ्या! आणि मग सगळ्यांनी एकदम पाहिलं – बर्फीचा कोपरा खाल्लेला. दुसरी वाटी आत्यांनी उघडली. पेढ्याचाही!

इतकं हसले की आत्यांनी झोपाळा थांबवला. आईंचे कान लाल.

२६ जानेवारी

आज सुट्टी. दिवसभर उरलेल्या बर्फ्या. मंगळवार उद्या.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी उठते तर आई चप्पल घालून दारात. चांगली साडी. "चल."

कुठे, ते विचारलं नाही. रिक्षात आईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. बाळ तेवढं चाललं होतं आत इकडून तिकडे.

डॉक्टर क्षमांनी आम्हाला पाहिलं आणि माझ्याआधी आईंना विचारलं, "मम्मीजी, हाथ का दर्द गया?"

"गया, गया," आई घाईनं म्हणाल्या.

मी म्हटलं, कोणता हात?

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं. "आपको नहीं बताया? इन्होंने तो पिछले मंगलवार को ही लगवा लिया."

मागचा मंगळवार. ग्वारीघाट! कोरडी बाटली! खांदा, बाम, पिठाचा डबा, थर्मामीटर! मी आईंकडे बघत राहिले. त्या भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघत होत्या.

"आठवडाभर पाहिलं," त्या फोटोलाच म्हणाल्या. "ताप नाही. चक्कर नाही. दोन दिवस हात दुखते फक्त. घे आता."

मला हसू फुटलं. थांबेना. नर्स सुई धरून उभी, मी हलतेय. शेवटी आईंनी माझा हात कोपराशी घट्ट धरला. सुई कधी गेली कळलं नाही. खरंच नाही कळलं.

येताना जिलबी. आधी आईंनी. अर्थात.

२८ जानेवारी

दंड दुखतो आहे. आईंनी सांगितलं होतं तस्साच! श्रीपाद विचारतो, तुम्हा दोघींचं काय चाललंय. आई म्हणाल्या, तुझाही नंबर आहे, लेकराला उचलायचं आहे ना? त्याचा चेहरा! नाक धरायला लागणार बहुतेक.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडा झाला. काही नाही. उचकी तेवढी आहे. कप पोटावर ठेवला, आई शेजारी येऊन बसल्या. दोघी कपाकडे बघत होतो.

मी म्हटलं, आई, आता माझं चाखणं बंद करा, वाट्याला पूर्ण जिलबी येत नाही.

त्या हसल्या नाहीत. कपावरची नजर हलली नाही.

"मागच्या टायमाला मी पहिले घेतली नव्हती ना."

मी कप उचलला. आधी त्यांच्या हातात दिला.