फ्रिजवरचं वेळापत्रक

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार. या वेळी कान धरूनसुद्धा.

आम्ही मजेत आहोत. छकुलीचं वजन वाढलंय, दूध पोटभर पिते. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू इथे होतीस तेव्हा मी फ्रिजवर वेळापत्रक लावलं होतं ना? संध्याकाळी सहाला दूध, साडेसहाला अंघोळ, सातला पाळण्यात. तू थोपटायला गेलीस तर मी खेकसले, "आई, सवय लावू नकोस!" तू मुकाट्याने हात मागे घेतलास. पोरगी सातच्या ठोक्याला झोपायची आणि मी ऑफिसभर मिरवायचे.

तू गेलीस त्या दिवसापासून ती तासभर टाहो फोडते. काल ह्यांना राहवलं नाही. म्हणाले, "तू बाटल्या धुवायला गेलीस की आई तिला हळूच थोपटायच्या. तुला सांगू नका म्हणाल्या होत्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. वेळापत्रक काढून टाकलंय.

आता मीच थोपटते, पण माझा हात तिला पटत नाही. हे म्हणतात, तू काहीतरी गुणगुणायचीस. काय ते लिहून पाठव. मलाही तेच म्हणून झोपवलं असशील, पण शेवटपर्यंत ऐकायला मी जागी कुठे असायचे?

तुझी,
अतिशहाणी