बेटावरची दुसरी चूल

१० फेब्रुवारी १९७४
...म्हणून खोली पश्चिमेलाच वाढवायची. उत्तरेला पावसाळ्यात नदी जोत्याला लागते, दक्षिणेला गोठा, पूर्वेला लगेच ऊस. दुसरी जागाच नाही.
आई म्हणते, "आर्किटेक्चरचं दुसरंच वर्ष, एवढ्यात घर बांधायला निघालीस?" घर नाही गं, एक खोली. नदीच्या दोन फाट्यांमध्ये मामाचं बेट, त्यावर एवढं एकच घर, मामाचं. मामाचा मुलगा बाळूदादा चिंचवडच्या कंपनीत लागला, सुमनवहिनीशी लग्न झालं, आता तिकडे भाड्याची जागा बघतोय. मामाचा निरोप: "पोरीला म्हनावं, कायतरी काढ कागदावर. खोली झाली तर पोरगं ऱ्हाईल."
माझा पहिला प्रोजेक्ट!

१७ फेब्रु.
मापं घेतली. टेपचं एक टोक मामीने धरलं, नंतर पदराने पुसून परत दिलं.
सामान आत्ताच न्यायला हवं. सध्या पाणी गुडघाभर, बैलगाडी जाते. पावसाळ्यात माणसं गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत बसून पलीकडे जातात. मला गंमत वाटली. सुमनवहिनीला वाटत नाही. दादा सेकंड शिफ्टला असला की ती काठाकडे बघत बसते.
भिंती दगड-मातीच्या, सिमेंट फक्त जोत्याला. दादाच्या कंपनीतली मोडीत निघालेली खोकी मिळतील, त्यांच्या फळ्यांचा दरवाजा. कौलं जुनी.
मामा: "इंजनेरबाई, भिंत हुबी ऱ्हाईल का कागदावरच?"

२४ फेब्रु.
प्लॅन झाला. दार थेट अंगणात, म्हणजे दादा उशिरा आला तरी कोणाची झोप मोडणार नाही. कोपऱ्यात छोटा ओटा, वर धुराडं. क्रॉस व्हेंटिलेशन मस्त. दोनदा शाईने गिरवला. खूश.

३ मार्च
मामाचं बोट प्लॅनवरून फिरत फिरत कोपऱ्यात थांबलं.
"ह्ये काय?"
"ओटा. स्टोव्हसाठी."
मामी उठून आत गेली. मामा दादाकडे न बघता म्हणाला, "वाटनी मागितलीस व्हय रं?"
"न्हाई आबा, आईशपथ!" दादा माझ्याकडे वळला. "अगं बाई, काय करून ठेवलंस तू!"
तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दुसरी चूल म्हणजे घर फुटलं. आमच्या ब्लॉकमध्ये गॅस आहे, स्टोव्ह आहे, शेगडी आहे, कोणी काही फुटत नाही. मला कसं सुचणार? पण सुचायला हवं होतं, आईचं माहेर आहे हे.
मामीने चहा आणला. माझ्याकडे बघून नाही, कपाकडे बघून बोलली. "आमी गेल्यावर मांडा की. तवर एक पुरंल."
तिथेच ब्लेडने ओटा खरवडला. ट्रेसिंग पेपर फाटला.

त्याच दिवशी, नंतर
वहिनी पाण्यापर्यंत सोडायला आली. हळूच: "वन्सं, ओटा खरंच काढला?"
म्हणाली, दादा सेकंड शिफ्टहून येतो, तेव्हा त्याला गरम भाकरी हवी. चूल पेटवली की घरभर धूर, मामाला खोकल्याची उबळ, मग मामीही उठून बसते. गार वाढलं तर दादा न बोलता झोपतो. "रोज कुनाचा तरी जीव दुखावतो माझ्या हातनं. येगळं न्हाई ऱ्हायचं मला. येक कोपरा द्या. न्हाईतर भाड्याच्या खोलीला मी हो म्हनंन."
"मग सांग ना मामीला."
"नगं! सुनेनं बोलायची गोष्ट हाय व्हय ही? माझं नाव घिऊ नका."
शब्द दिला.

१७ मार्च
ओटा नाही, फक्त धुराडं ठेवलं. ओटा नंतर कधीही करता येईल. हुशारी.
मामा: "ह्ये भोक कशाला?"
"हवेला."
"हवेला खिडकी काढलीस की." बराच वेळ खोकला. मग, "धूर न्हाई तर भोक न्हाई."
दादाला भाड्याच्या खोलीचा मालक घाई करतोय. वहिनी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

२३ मार्च
उद्या पाडवा. पाया उद्याच घ्यायचा, मामाचा हट्ट. गवंडी सकाळी येणार. त्याला प्लॅन हवाय, दगडात मागाहून भोक पाडत बसणार नाही म्हणतो. पश्चिमेला मामीने सडा घातलाय, अजून काही नाही तिथे तरी.
संध्याकाळी मी तिथे उभी होते. मामी आली. ओट्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.
"तू शिकल्याली हाईस, पोरी. खरं सांग. खोली झाली म्हंजी सून ऱ्हाईल ना?"
मी म्हटलं, "राहील."
मामीने माझा हात धरला. राखेचा खरखरीत हात. "मग तुझ्या मनासारखी बांध. येवढं चुलीचं सोडून."
वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. ऐकलं असणार.
पिशवीत दोन प्लॅन आहेत. एकात धुराडं आहे, एकात भिंत कोरी.
वहिनीचं नाव घेतलं तर शब्द मोडतो. नाही घेतलं तर धुराडं नाही, वहिनी जाणार, आणि मामीला दिलेलं ‘राहील’ खोटं ठरतं. हे कधी कोणी वाचत असेल तर सांगा, सकाळी गवंड्याच्या हातात तुम्ही कुठला कागद दिला असता?