बोका आता दारात बसत नाही

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो. बोक्याला तपासणीसाठी विमानतळावरच ठेवून घेतलं होतं, काल सोडलं. अंगाला औषधाचा वास येतोय, पण शेपूट शाबूत आहे. कुत्र्याला बोका म्हणणारी माणसं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रथमच पाहिली. अर्थ सांगितल्यावर, हे नाव कोणी ठेवलं, असं त्यांनी हसून विचारलं. हे वाकून बोक्याचा पट्टा बांधू लागले.

घर म्हणजे एक खोली. दोन ताटं, एक पातेलं, कपड्यांना चार खिळे. केर काढायला वाकते तोच भिंत येते. हे लाकडाच्या कारखान्यात फळ्या घासतात, मी हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालते. सामान कमी केलं की आठवणीही कमी होतील, असं तूच म्हणाली होतीस.

माझी टिकली तापाने गेली आणि तिच्या शाळेची बस यायच्या वेळी बोका दारात जाऊन बसू लागला. ते बघवेना म्हणून तर भरलं घर मोडलं. ताई, तो इथेही बसतो. इथे बस नाही, शाळा नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. तरी दुपार कलली की दाराला नाक लावतो. मी कामावरून येऊन दार उघडते, तेव्हा आधी माझ्या मागे कोण आहे ते बघतो.

आठवण ठेव.
तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

एका खोलीचं राज्य मिळालं म्हणायचं! इथे तुला चमचा शोधायला अर्धा दिवस लागायचा, आता तरी सापडत असेल. तुझ्या बरण्या माझ्याकडे सुखरूप आहेत, एकीचाच कान मोडला. मेहुणेबुवांना म्हणावं, भुसा झटकून घरात या.

बोक्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मुकं जनावर ते, विसरेल हळूहळू. मग त्याच्याकडे बघून तुम्हीही सावराल. जेवतेस ना? पत्रात जेवणाचं अवाक्षर नाही.

माया आहेच, ती पत्रांवर मोजू नकोस.
ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. बोका आता दारात बसत नाही. दिवसभर खालच्या न्हाव्याच्या दुकानात पडलेला असतो, गिऱ्हाइकं त्याचे कान खाजवतात. अंगाने भरलाय. मध्यंतरी त्याला बघून हे हसले. टिकली गेल्यापासून पहिल्यांदाच. मला बरं वाटायला हवं होतं.

चार दिवसांपूर्वी पेटीतून टिकलीचा शाळेचा मोजा काढला, न धुता ठेवलेला. हेच मोजे पळवून बोका घरभर धिंगाणा घालायचा. त्याच्या नाकाशी धरला. त्याने हुंगला, जांभई दिली आणि पलंगाखाली जाऊन झोपला. ताई, मी त्याला मारलं. चपलेने मारलं. यांनी धावत येऊन त्याला उचललं, म्हणाले की त्याला तरी सुटू दे. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बोकाही मला पाहिलं की बाहेर जातो.

तिथे निदान शेजारीण डोळे टिपायची. इथे टिकली होती हे कोणाच्या गावीही नाही. कामावर बायकांनी मुलं किती विचारलं, आणि माझ्या तोंडून नाहीत असं निघून गेलं. मग चादरी घडी करत राहिले.

पुढच्या पत्रात माझं जेवण विचारू नकोस. टिकलीचं लिही. काहीही चालेल.

धाकटी

८ जुलै

चि. धाकटीस,
आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

टिकली माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा तिने बोक्याला माझी शाल गुंडाळली आणि पोस्टमनला सांगितलं की ही माझी मावशी, दात दुखतोय म्हणून आज बोलणार नाही. पोस्टमननेही वाकून नमस्कार केला! हे लिहिताना हसू आलं. म्हणून तिचं हसणं डोळ्यांपुढे आणायला गेले. तिच्या एका गालाला खळी पडायची. ती डाव्या की उजव्या, ते आठवेना. जन्मली तेव्हा पहिल्यांदा माझ्याच हातात दिली होती गं तिला. फोटो काढून पाहिला, तर तो शाळेतला, त्यात ती हसतच नाही. तुझ्या भावजींना विचारलं, तर ते म्हणाले की तिला खळी पडायची का?

बोक्याला बोल लावू नकोस.

कुठला गाल, ते उलट टपाली कळव. तुला आठवतंय ना?

तुझी ताई