चष्म्यावरचा गॉगल

दादा, परवा पुण्यात एका चष्म्याच्या दुकानात बसून मी तुमच्यावर चिडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडायला मला अजून तुम्हीच सापडता. माझ्या नातीला, म्हणजे तुमच्या पणतीला, जाड नंबरचा चष्मा आहे आणि तिला सध्या एका खेळाचं वेड लागलंय. खोट्या बंदुकीतून प्लास्टिकचे मणी एकमेकांवर झाडायचे, आडोशाला लपायचं, मणी लागला की बाद. डोळ्यांवर संरक्षण नसेल तर मैदानात घेत नाहीत, म्हणून मी तिच्याबरोबर दुकानात गेले. तिथल्या मुलीनं तिचा चष्मा हातात घेतला, काचेची उंची आणि काड्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं आणि तीन गॉगल पुढ्यात ठेवले. तिन्ही चष्म्यावरून घालायचे, काडीला बसायला बाजूनं खाच, वाफ धरू नये म्हणून वरती बारीक जाळी. नातीनं एक घातला, मान गदागदा हलवली, वाकून बुटाची नाडी बांधून पाहिली आणि "बसला" म्हणाली. दहा मिनिटांत काम झालं. मी स्टुलावर बसून इतकी लाल झाले की त्या मुलीनं मला पाणी आणून दिलं. आपण एका गॉगलपायी अख्खा माघ महिना घालवला होता, दादा.

तुमचा डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा परभणीच्या शिबिरात ऑपरेशन झालं आणि दिवाळीनंतर तुम्हाला तो भिंगाचा चष्मा मिळाला, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा. समोरचं सगळं मोठं दिसायचं आणि बाजूचं गायब व्हायचं. पहिल्या दिवशी ताटावर बसून तुम्ही मायला म्हणालात, "भाकर लय मोठी दिसायली, पोट मात्र तेवढ्यातच भरायलंय." शिबिरातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की हा एकच डोळा आहे, याला भुसा, कुसळ, काटा काही लागता कामा नये. मी म्हणाले, यांचं मळणीचं मशीन आहे. ते म्हणाले, मग मशीन विका. तुम्ही तेव्हा बाकड्यावर बसून शेजारच्या म्हाताऱ्याला ज्वारीची चाळणी कुठली लावायची आणि करडईची कुठली, हे समजावून सांगत होता. मशीन विकायचं म्हणजे तुम्हाला घरात बसवायचं, आणि घरात बसलेले तुम्ही आम्हाला परवडणारे नव्हता. तीन महिने ते मशीन भाड्याच्या ट्रॅक्टरमागं ताडकळसपासून पार पिंगळीपर्यंत खळ्याखळ्यावर फिरायचं. कान मशीनकडे, हात दाण्यात आणि तोंड पेंढ्या टाकणाऱ्यांवर, असे तुम्ही उभे राहायचात. म्हणून डॉक्टरांनी शेवटी हात टेकले आणि सांगितलं, मशीनजवळ जायचंच असेल तर चष्म्यावरून गॉगल घाला.

सांगायला त्यांचं काय जातं. मी तेव्हा चुडाव्याजवळच्या शाळेवर मास्तरीण होते. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. शाळेच्या एका भिंतीवर एक घोषणा आणि दुसरीवर तिच्या उलटी, आणि एसटी निघेल की नाही याचा भरवसा नसायचा, म्हणून मी पॅसेंजरनं परभणी गाठायची. पहिल्या दुकानदारानं मला काळे फॅशनचे चष्मे दाखवले. मी चष्म्यावरून घालायचा मागितला तर हसून म्हणाला, "ताई, चष्म्यावर चष्मा कोण घालतंय? डोळे दोनच हायत न्हवं?" मी म्हटलं, आमच्याकडे एकच आहे, तेवढ्यासाठीच आले. मग ताडकळसच्या वेल्डिंगवाल्याकडून काळ्या काचांच्या वाट्या आणल्या. त्या तुमच्या फ्रेमवर बसेचनात. चष्मा काढून घातल्या तर भर दुपारी तुम्ही अंगणात चाचपडत मायच्या पापडांवर पाय दिलात आणि वर मलाच म्हणालात, "आंधळ्याला आंधळं करायची ही कुठली रीत हाय?"

तिसरा गॉगल मोटारसायकलवाले घालतात तसला, मागं रबरी पट्ट्याचा. तो चष्म्यावरून आला, आणि मला वाटलं सुटले. पण चष्म्याच्या काड्या कानाकडे जाताना गॉगलची कड उचलायच्या आणि दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी फट पडायची. भुसा काय समोरूनच येतो का? शिवाय ते भिंग एवढं फुगीर की आतून गॉगलच्या काचेला टेकायचं, आणि घाम आला की पाच मिनिटांत सगळी वाफ. तुम्ही म्हणालात, "धुक्यात उभा करून ठिवलास मला." तो गॉगल मी परत करायला गेले तर दुकानदार घेईना. मी तिथं उभी राहून त्याच्याशी भांडले आणि परतीची गाडी चुकवली. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, कुणी सांगितलं होतं जायला.

शेवटी परभणीतल्याच एका म्हाताऱ्या चष्मेवाल्यानं माझं ऐकून घेतलं. गॉगल शोधत फिरू नका म्हणाला, आधी चष्मा बदला. त्यानं तुमचं भिंग लहान गोल फ्रेममध्ये बसवून दिलं आणि कामाच्या वेळेसाठी काड्यांच्या जागी कापडी पट्टी लावायला शिकवलं. काडी गेली आणि फट बुजली. गॉगल खोल घ्यायचा, आतलं भिंग टेकणार नाही असा, आणि बिनरंगी. वाऱ्याच्या भोकांवर मी मलमलचा तुकडा शिवला. आतल्या बाजूनं अंगाचा साबण कोरडाच फिरवून पुसून काढायचा म्हणजे वाफ धरत नाही, हे त्यानंच सांगितलं. एवढं सगळं जमून आलं तेव्हा माघ संपत आला होता. एका शनिवारी मी तो घेऊन घरी आले. शाळेच्या तपासणीत शेरा चांगला मिळाल्यावर नव्हता झाला एवढा आनंद मला त्या दिवशी झाला होता.

आणि रविवारी तुम्ही तो सगळा पाण्यात घातलात. खळं आपल्याच शिवारातलं होतं, करडईचं. मशीन सुरू झालं तेव्हा गॉगल डोळ्यांवर होता, मी स्वतः पाहिलं. पण पहिला दाणा मशीनच्या तोंडातून पडायला लागला आणि तुम्ही गॉगल काढलात, त्याबरोबर आतला चष्माही काढलात, वाकलात, मूठभर करडई उचलली आणि उघड्या डोळ्याला लावलीत. मशीन धडधडत होतं. भुशाचा झोत तुमच्या टोपीवरून चालला होता. मी पळत आले आणि ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "रास हाय ती. खळ्यावर पायतान काढून येताव ना आपून? मंग लक्ष्मीम्होरं तोंड झाकून कसं ऱ्हायचं?"

मी म्हणाले, मशीन बंद करा आणि मग लावा की डोळ्याला.

"रास पडायलीय अन् मशीन बंद करू? अपशकुन न्हाई का त्यो?"

"मग कपाळाला लावा."

"तू शाळंत शिकीव. हितं नगं."

खळ्याच्या मालकानं मान डोलावली. पेंढ्या टाकणाऱ्यांनी मान डोलावली. घरी आल्यावर मायनंही तुमचीच बाजू घेतली. करडई म्हणजे नुसता काटा. तोडायला जाताना बाया हातापायांना फडकी गुंडाळतात, आणि त्याच करडईपुढं तुम्ही उघडा डोळा घेऊन वाकायला निघालात, वर लक्ष्मीचा हवाला. मी तुम्हाला विनवलं, रागावले, एक आठवडा बोलले नाही. शनिवारी घरी यायची ती मुद्दाम आले नाही. तुमच्यावर त्याचा काही परिणाम झाल्याचं मायनं कळवलं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. पिंगळीकडच्या खळ्यावर करडईच होती. दाणा पडला, तुम्ही वाकलात, डोळे उघडे. बोंडाचा एक बारका काटा आला आणि बुबुळात बसला. खळ्यावरच्या एका लेकुरवाळीनं डोळ्यात दूध पिळलं, कुणी तुपाचं बोट फिरवलं, आणि तुम्ही रुमाल बांधून संध्याकाळपर्यंत उभे राहिलात. आभाळ आलं होतं आणि अजून दोन खळी व्हायची होती, म्हणून तुम्ही तीन दिवस घरी काही बोलला नाहीत. मी आले तेव्हा डोळा उघडत नव्हता. परभणीला नेलं. डॉक्टरांनी पापणी वर केली. मग विचारलं, "गॉगल होता ना?" तुम्ही म्हणालात, "व्हता की. कपाळावर."

तिथं दवाखान्यात मला रडू आलं नाही, संताप आला. बुबुळात पू धरला होता. इंजेक्शनं झाली, मलम झालं, महिनाभर मी रजेवर होते. डोळा राहिला, नजर गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळत राहिलं.

त्यानंतर तुम्ही बरीच वर्षं होतात, आणि ती वर्षं आम्हाला कशी काढावी लागली हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून आता मी सांगते. मशीन पुढं माझ्या भावानं चालवलं आणि तुम्ही ओसरीत बसून लांबून येणाऱ्या आवाजावरून त्याच्या चुका काढायचात. बोटानं चोळून ज्वारी कुठल्या रानातली हे सांगायचात, ते बरोबर असायचं, आणि चुकलं तरी बरोबरच असायचं. माझ्या हाताचा चहा आलाय की मायच्या, हे कपाच्या आवाजावरून ओळखायचात आणि माझा असेल तर साखर जास्त झाली म्हणायचात. एकदाही तुम्ही म्हणाला नाहीत की पोरी, तुझं ऐकायला पाहिजे होतं. मी वाट बघत होते. खरंच बघत होते, दर शनिवारी. तुम्ही उलट विचारायचात, "शाळंत पोरं ऐकत्यात का तुझं?" आणि मी आत निघून जायची.

मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले. मामाला, आत्याला, शाळेतल्या बायांना, पुढं सासरी, तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्यांना, आणि परवा त्या दुकानातल्या अनोळखी मुलीलासुद्धा. माझे वडील हट्टी होते, मी जीव तोडून गॉगल करून आणला होता, त्यांनी ऐकलं नाही. इतक्या वेळा सांगितलं की आता ते मला पाठ झालंय. ती मुलगी हळहळली. नातीनं घरी येताना रिक्षात मला विचारलं, "पण पणजोबांनी एकदा तरी घातला होता का गं तो?" मी म्हणाले, घातला असेल. आणि आज हे कागद घेऊन बसले.

हे कागद कुठंच पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिते. त्या शनिवारी दिवेलागणीच्या आधी गॉगल तुमच्या हातात दिला तेव्हा माय शेजारी गेली होती. तुम्ही काहीही कुरकुर केली नाहीत. कापडी पट्टीचा चष्मा घातलात, त्यावर गॉगल चढवलात, पट्टा टोपीवरून नीट ओढून घेतलात आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. "जमलं का?" असं विचारलंत. भिंगामुळं एक डोळा एवढा मोठा, दुसरा एवढासा, दोन्ही बाजूंना माझ्या हातची मलमल, आणि तुम्ही फोटोला उभे राहावं तसे ताठ. मला हसू आलं. आवरलं नाही. खांबाला धरून खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तुम्हीही थोडंसं हसलात, मग गॉगल काढलात आणि "ठिव पेटीत" म्हणालात.

लक्ष्मीची गोष्ट तुम्ही दुसऱ्या दिवशी काढलीत, दादा. त्याआधी राशीचे दाणे तुम्ही कपाळाला लावायचात, चष्म्यासकट, आणि तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी मी गॉगल तुमच्या हातात दिला तेव्हा तुम्ही तो लगेच घातला नाहीत. आधी माझ्या तोंडाकडे बघितलंत. मी तेव्हाही हसू दाबत होते.