वेळ : सकाळी दहा ते बारा

मंगळवार, १४ जून २००५

प्रज्ञेश दादा,

आपल्या वधू-वर मंडळाच्या वेबसाईटचा मजकूर तपासला. दुरुस्तीचे कागद घेऊन हिंगोलीला नेट कॅफेत चालले. किती घोळ घालून ठेवलास! पहिलं अख्खं पान नुसतं आपलंच कौतुक. पुसेगावच्या मुलीच्या माहितीवर सेनगावच्या मुलीचा फोटो. फोन नंबर शोधून सापडत न्हाई. लोकांना आधी पत्ता अन् वेळ लागते, ते मी वर घेतलं.

राहिली एक ओळ : ‘संचालक नरसिंगराव सकाळी दहा ते बारा घरीच भेटतील.’ आबांना जाऊन चार महिने झाले. तीनदा सांगितलं, काहून काढली न्हाईस?

काल मी दळण घेऊन आले, तर हट्टा गावचं एक जोडपं आपल्या बैठकीतून निघून राहिलं होतं. बाई म्हणाली, “व्हय, भेटले की नरसिंगराव. लई शांत माणूस. आमच्या चपलासुद्धा रस्त्याकडं तोंड करून लावून ठेवल्या.”

निघताना पाहुण्याला तकलीफ नको, म्हणून आबाच तसं करायचे.

आज दहा वाजता ती ओळ खोडली. उठून पाहते, तर दारातल्या माझ्याच चपला रस्त्याकडं वळवलेल्या. घरात मी एकटी.

ओळ परत लिहिली आहे. तू बाराच्या आत आलास, तर बैठकीत जा अन् वेळ बदलायची का, ते आबांनाच विचार.

करुणा