यंत्राची जाळी

अहो,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना?

कॅलगरीची हवा इतकी कोरडी की नातवाच्या नाकातून रक्त येतं, म्हणून आपल्या मंदारने हवा ओली करायचं यंत्र आणलंय. राजापुरात पापड सादळू नयेत म्हणून जन्मभर झटले, इथे ओल राखत बसते.

परवा यंत्राच्या जाळीवर पांढरं दिसलं. बुरशी समजून घासणीने घासली, तर फाटली. तो पाण्यातला क्षार, जाळी व्हिनेगरात भिजवायची असते म्हणे. सूनबाई नुसती हसली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

मंदारने लगेच नव्या जाळ्या आणल्या, पुढच्या थंडीच्यासुद्धा. म्हणाला, "आई, आता तुला जमेल." परतीच्या तिकिटाचं विचारलं तर, "बघू."

आंबे काढायच्या वेळेला मी येईन, असं गड्यांना सांगू नका.

तुमची,
वत्सला